आधी मूळ बघायचं

ला कालेरा गावी शनिवारी नाच असला की गावचे लोक ऑर्गनकडे बघायचे, आणि नेरेइदाच्या घरचे लोक नाचणाऱ्यांच्या पायांकडे.

त्याला कारण होतं. ऑर्गनचं हँडल फिरवणाऱ्याचा हात बिघडला तर ते त्याला स्वतःला कळत नाही. हवा कमीजास्त होते, सुरांची भोकं पाडलेला पुठ्ठा आत सरकताना जरासा अडखळतो, आणि सगळ्यात आधी चुकतात ते नाचणाऱ्यांचे पाय. नेरेइदाचा बाप अबुन्दियो असाच सापडला होता. साखर कारखान्याच्या पटांगणात दान्सोनचा जोडीनाच रंगात आला असताना जोड्या एकमेकांच्या पायांवर पाय द्यायला लागल्या. लोक हसले. म्हणाले, म्हातारा आज टाकून आलाय. अबुन्दियोने जन्मात रमला तोंड लावलं नव्हतं. पुढे त्याची चाल फाकली, जीभ जड झाली, चमचा तोंडापर्यंत पोचेना. मरेपर्यंत अर्धं गाव त्याला दारुडा म्हणत राहिलं आणि मेल्यावर रडायला झाडून सगळं आलं. गाव नावाची गोष्ट ही अशी असते.

आजाराला नाव होतं, हॉल्गीन शहरातल्या डॉक्टरांनी ते सांगितलंही होतं. घरात कोणी ते घेत नसे. नुसतं ‘चाल’ म्हणत. अबुन्दियोची चाल नेरेइदाला आली. ती पुठ्ठे कापायची, अख्ख्या जिल्ह्यात तिच्यासारखी भोकं कोणी पाडत नव्हतं. चाळिशी उलटली आणि भोकं पाडायचा पंच वाकडा पडायला लागला. आता ती अंगणातल्या खुर्चीत बसून असायची, मान सतत हलती, बोलणं तुटक. तिचं बोलणं समजून घ्यायला वेळ लागे. इथे ते सरळ करून दिलंय. डोकं मात्र सुरीसारखं शाबूत होतं, हा त्या आजाराचा खरा हलकटपणा.

नेरेइदाला एकच मुलगा, एलिएसेर. तो हँडल फिरवायचा, आणि आता पुठ्ठेही तोच कापायचा. त्याची बायको ओदाल्मिस रेशनच्या बेकरीत पाव भाजायची. सगळं माहीत असून तिने त्याच्याशी घर मांडलं म्हणून लोक तिला शूर म्हणायचे. शूर कसली. तो तिला आवडला होता, त्याचा हात तेव्हा लोण्यासारखा फिरत होता, आणि पंचविशीतल्या बाईला पन्नाशी दिसत नाही. एवढंच.

दिवस गेले तेव्हा तिशी उलटली होती. गावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने घराचं नाव ऐकलं आणि दोघांना थेट हॉल्गीनला पाठवलं. ज्या घरात चाल आहे तिथल्या गरोदर बाईला त्या भागात विचारतातच.

तिथल्या डॉक्टरीणबाईंचं नाव मिग्दालिया. बुटक्या, चष्मा गळ्यात लटकवलेला, आणि एकही शब्द साखरेत घोळून न देणाऱ्या.

“पोटातल्या बाळाभोवतीचं पाणी सुईने काढून तपासता येतं,” त्या म्हणाल्या. “बाळाला नसेल, तर एलिएसेर, तुमच्याबद्दल मला काहीच कळणार नाही. तुम्ही आज आहात तसेच राहाल, अर्धे हो, अर्धे नाही. पण बाळाला असेल तर ते तुमच्याकडूनच आलेलं असणार. दुसरी वाट नाही.”

“म्हणजे एका सुईत दोघांचा निकाल.”

“असेल तर दोघांचा. नसेल तर एकट्या बाळाचा.”

“सुईने बाळाला काही होतं का?” ओदाल्मिसने विचारलं.

“क्वचित गर्भ जातो. क्वचित म्हणजे क्वचितच. पण कधीच नाही असं मी म्हणणार नाही.”

“आणि आधी माझंच रक्त बघितलं तर?” एलिएसेर म्हणाला.

“तुम्हाला नसेल तर सुईची गरजच नाही, घरी जा, पाळणा करा. असेल तर तुम्हाला ते कळलेलं असेल. कळलेलं परत न कळलेलं करता येत नाही, त्यावर औषध नाही माझ्याकडे.”

मग त्यांनी कागदावर काढून दाखवलं. माणूस ज्यावरून घडतो त्या लांबलचक मजकुरात एका ठिकाणी एक बारीकसा शब्द सारखा सारखा लिहिलेला असतो. सगळ्यांच्यात असतो. चालीच्या घरात तो नको तितक्या वेळा येतो. आणि बापाकडून पोराकडे जाताना बऱ्याचदा आणखी वाढतो. जितका वाढेल तितकी चाल लवकर.

“का वाढतो?”

“नक्कल होताना. तेच ते, तेच ते असलं की नक्कल करणाऱ्याची जागा चुकते, आणि एकदा जास्तीचं लिहिलं जातं.”

एलिएसेर हसला. त्या खोलीत कोणी हसत नसावं, कारण डॉक्टरीणबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

“काय झालं?”

“काही नाही. हा आमच्या धंद्यातला घोळ आहे.”

परतीच्या ट्रकमध्ये कांद्याच्या पोत्यांवर बसून दोघांचं भांडण झालं. भांडणाची सुरुवात एकमताने झाली, हे विशेष.

“त्याला असलं तर?” ओदाल्मिसने विचारलं.

“तर नको,” तो म्हणाला. दुसऱ्यांदा भात नको म्हणावं तसं.

“मलाही नको.”

तिला हायसं वाटलं. वेडी होती. दोघांनी न बघितलेल्या गोष्टीवर दोघांचं एकमत व्हायला काय लागतं.

“मग सुई कधी टोचून घेऊ?”

“सुई नाही. रक्त पण नाही. मला बघायचं नाही.”

“न बघता नको म्हणणार? कसं? वासावरून?”

“माझा हात मला सांगेल, सांगायचं तेव्हा.”

“तुझा हात तुला सांगेल. त्याच्या हाताला कोण विचारणार? तो अजून मुठीएवढाही नाही. आणि बाईंनी काय सांगितलं ते ऐकलंस ना? बाळाला नसेल तर तुझं तुला काही कळणार नाही. तुझी झाकली मूठ तशीच राहील. मी तुझाच विचार करून बोलतेय, मठ्ठ माणसा.”

“आणि असेल तर?”

कांद्यांमुळे दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतंच, त्यामुळे कोणी कोणाला काही विचारलं नाही.

घरी आल्यावर शेजारच्या सोराइदाने दोन्ही बाजूंनी सल्ले दिले. सकाळी म्हणाली, देव देतो ते घ्यावं. संध्याकाळी म्हणाली, माझ्या बहिणीने दोनदा पाडलं आणि आज बघा कशी टुणटुणीत आहे. फुकटचा सल्ला देणाऱ्यांना पोटही नसतं आणि चालही नसते, म्हणून त्यांना एवढं सुचतं.

त्याच आठवड्यात पुठ्ठ्याची गोष्ट घडली.

अबुन्दियोने कापलेला दान्सोनचा एक जुना पुठ्ठा होता, घड्यांवर फाटायला आलेला. एलिएसेरने तो समोर पसरून नवा पुठ्ठा कापला होता, भोकावर भोक. अंगणात ऑर्गनला लावून आईला ऐकवायला घेतला. नेरेइदा डोळे मिटून ऐकत होती. मधल्या भागात तिने हात उचलला. तिचा हात उचलला की हवेत तीन ठिकाणी जायचा, पण अर्थ एकच होता.

“थांबव. जास्त झालं.”

“कुठे?”

“जिथे तीच चार भोकं परत परत येतात तिथे. एक खेप जास्त टाकलीस.”

“नाही टाकली.”

“टाकलीस. मला कानाचा आजार नाही.”

एलिएसेर जास्तीची भोकं बुजवायला चिकटपट्टी घेऊन नव्या पुठ्ठ्यावर वाकला तशी ती खेकसली.

“नकलेला हात लावू नकोस. आजोबाने काय शिकवलंय? आधी मूळ बघायचं.”

त्या धंद्याची ही पहिली शिस्त. सूर चुकला म्हणून नव्या पुठ्ठ्यावर हात चालवायचा नाही. चूक मुळातच असेल तर एक चांगला पुठ्ठा वाया जातो, आणि उद्याच्या नकलेत चूक पुन्हा हजर. म्हणून आधी मूळ उलगडायचं, तपासायचं, आणि मग नकलेकडे यायचं.

त्याने अबुन्दियोचा पुठ्ठा फरशीवर उलगडला. गुडघ्यांवर बसून बोटाने एकेक खेप मोजत गेला. मग नव्यावर तसंच. मग पुन्हा जुन्यावर. ओदाल्मिस दारात पीठभरल्या हातांनी उभी होती.

“काय निघालं?” नेरेइदाने विचारलं.

“आजोबाने एक जास्त टाकलीये.”

“ती मला माहीत आहे. तो दान्सोन असाच वाजतो, लोक त्या जागी एक गिरकी जास्त घेतात. तुझं सांग.”

“मी त्यावर आणखी एक.”

बोलून तो तिथेच बसून राहिला. डॉक्टरीणबाईंचा कागद ओदाल्मिसच्या डोळ्यांसमोर आला. तेच ते, तेच ते, आणि जागा चुकते. माणसाच्या आत, जिथे डोळा पोचत नाही आणि पंच पोचत नाही, तिथेही कोणीतरी पुठ्ठ्यावर पुठ्ठा कापत बसलंय, युगानुयुगं, आणि त्यालाही हीच जागा नडते. रागवायचं कोणावर? ज्याने एवढं सगळं बिनचूक कापलं, डोळे, नखं, हसू, एलिएसेरचा तो फिरता हात, त्याच्या एका जास्तीच्या खेपेवर? तिला रागही येईना आणि हात जोडावेत असंही वाटेना. ती नुसती बघत राहिली.

“पण मीमा,” ती सासूला कशीबशी म्हणाली, “त्या जास्तीच्या गिरकीवर तर लोक खूश असतात.”

“पुठ्ठ्याच्या घशात पन्नाशीला सूप अडकत नाही,” नेरेइदा म्हणाली. “मला गोष्टी सांगू नकोस, पोरी.”

पुढचे काही आठवडे एलिएसेर कांदे आणायला म्हणून हॉल्गीनला जात राहिला. कांदे येतही होते, म्हणून ओदाल्मिसला शंका आली नाही. मग एका संध्याकाळी त्याने इस्त्रीचा शर्ट कपाटातून काढून खुर्चीवर टाकला आणि म्हणाला, “उद्या माझ्या रक्ताचा निकाल आहे. येतेस?”

ती चिडली. “मी बाळाचं पाणी तपासायचं म्हणत होते. तुझं न कळता झालं असतं.”

“कदाचित.”

“मग हे कशाला?”

“आधी मूळ बघायचं.”

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी दार लावलं, बसल्या आणि एका वाक्यात सांगितलं. त्याला होतं. अजून काही सुरू झालेलं नव्हतं, कधी होईल हे कोणी सांगू शकत नव्हतं, पण होतं. तो ‘बरं’ म्हणाला. मग त्यानेच विचारलं, सुई कधी. वेळ थोडाच राहिला होता, म्हणून सुई लगेच ठरली.

बाहेर बाकावर ओदाल्मिस त्याच्याकडे बघू शकत नव्हती. ट्रकमधलं ते ‘तर नको’ दोघांच्या मध्ये येऊन बसलं होतं. तेव्हा ते कोणा तिसऱ्याबद्दल होतं. आता त्याचा अर्थ असा होत होता, की या माणसासारखा माणूस नको.

“एलिएसेर, आपलं जे ठरलं होतं…”

“मला विचारू नकोस,” तो म्हणाला. “मी आता न्याय करणाऱ्यांत नाही. मी पक्षकार झालो. तू ठरव. जे ठरवशील ते मी उचलेन.”

“सोपं आहे तुझं.”

“आहे खरं,” तो म्हणाला, आणि तिच्यासाठी पाणी आणायला गेला.

सुई झाली. पोटात जाताना ती पडद्यावर दिसत होती, आणि तिच्यापासून वीतभरही लांब नसलेलं ते पोर पाय ताणत होतं, कशाचीच फिकीर नसल्यासारखं. मग वाट बघणं.

आईबाप कसे ठरवतात, असं लोक विचारतात. दोघं समोरासमोर बसतात, हातात हात घेतात, रडतात आणि ठरवतात, असं लोकांना वाटत असावं. ओदाल्मिस पावाचं पीठ मळताना ठरवत होती. रांगेत उभी राहून ठरवत होती. सकाळी हो ठरायचं, दुपारी नाही. सासूला भरवताना तर काही ठरवूच नये, पण तिथेच सगळ्यात जास्त ठरायचं. पातळ काही नेरेइदाच्या घशाखाली नीट उतरत नसे, म्हणून कॉफीसुद्धा मक्याचं पीठ घालून दाट करावी लागे. ओदाल्मिस चमचा धरून वाट बघत बसे, की आता ठसका लागतो का.

“बघतेयस माझ्याकडे,” एकदा नेरेइदा म्हणाली.

“भरवतेय.”

“बघतेयस. बघ, पण इथून बघू नकोस. शेवटाकडून बघितलं तर कोणाचंही आयुष्य फेकून द्यावंसं वाटेल. पहिल्यापासून बघ.” आणि मग तिने सांगितलं, एक घोट, एक वाक्य, असं करत. समुद्राकाठच्या जत्रेला बैलगाडीतून ऑर्गन न्यायचे. सतरा वर्षांची नेरेइदा ऑर्गनवर आडवी पडून जायची, खालून नळ्यांत वारा शिरायचा आणि गाडी हिसकली की ऑर्गन झोपेत बोलल्यासारखा एखादा सूर काढायचा. एलिएसेरच्या बापाने तिला पहिल्यांदा बघितलं ते तिथेच, आणि वेड्याने विचारलं, हा सूर तू काढतेस की ऑर्गन.

“काय सांगितलंस?”

“मी, म्हटलं. आयुष्यभर त्याला खरं वाटलं.”

मग ती हसली आणि हसताना तिला ठसका लागला, आणि तो थांबेपर्यंत ओदाल्मिस तिची पाठ चोळत राहिली. चेहरा निळा पडला होता. त्या बाईचा जत्रेतला चेहरा आणि हा चेहरा, दोन्ही ओदाल्मिसने एकाच वेळी बघितले. तेव्हाच तिचं ठरलं. तिने कोणाला सांगितलं नाही.

निकाल आला. बाळाला नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा दोघांपैकी कोणी हललंच नाही. चाल एलिएसेरपाशीच थांबली होती. अबुन्दियो, नेरेइदा, एलिएसेर, आणि पुढे नाही. एलिएसेरने दोन्ही हात गुडघ्यांवर उपडे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत बसला, जणू ते कोणी उसने दिले होते.

रस्त्यावर आल्यावर ओदाल्मिसच्या डोक्यात हिशोब जुळला. तिने भर रस्त्यात त्याच्या दंडावर गुद्दा मारला.

“सुई आधी झाली असती तर बाळाचं हेच निघालं असतं. तुला काही कळलंच नसतं.”

“हो.”

“तू बिनघोर म्हातारा झाला असतास. किंवा नसतास झाला, पण तोवर बिनघोर.”

“हो.”

“आणि तुला हे तेव्हाही माहीत होतं.”

“बाईंनी तुझ्यासमोरच सांगितलं होतं की.”

“माणूस म्हणजे पुठ्ठा नाही, गाढवा.”

“नाही,” तो म्हणाला. “पण मला नसतं निघालं, तर ती सुई त्याच्या जवळपासही गेली नसती. तो धोका त्याने का घ्यायचा, मला बघायचं नाही म्हणून? आणि असतं दोघांना, तर माझी बातमी मला त्याच्या तोंडून ऐकावी लागली असती. अजून तोंड नाही फुटलेलं, आणि बापाची शिक्षा वाचून दाखवायची. एवढं काम कोणी पोराला लावतं का?”

शहाण्या माणसाने केली नसती अशी चूक होती ती, आणि ती चूक म्हणायला तिची जीभ वळेना.

घरी नेरेइदाला दोन्ही बातम्या एलिएसेरनेच सांगितल्या, बाळाची आधी. आपण मुलाला काय दिलं हे ऐकणाऱ्या बाईला काय म्हणावं हे कोणालाच सुचत नाही. नेरेइदाने मुलाला सोडून सुनेकडे तोंड वळवलं.

“असतं तर काय करणार होतीस?”

सोराइदा असती तर म्हणाली असती, ठेवलंच असतं, हे काय विचारणं झालं. बातमी चांगली आल्यावर सगळेच ठेवतात. ओदाल्मिसने एलिएसेरकडे बघितलं. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. यालाही आजच कळणार, तिच्या मनात आलं. पण खोटं बोलायला ती जागा नव्हती.

“ठेवणार नव्हते.”

“माझ्याकडे बघून?”

“पहिल्यापासून बघितलं, मीमा. बैलगाडीपासून. सगळं बघितलं, आणि तरी नाही असंच ठरलं. तुझं आयुष्य फेकण्यासारखं आहे म्हणून नाही. मला त्याचा निळा चेहरा बघवला नसता म्हणून. आणि खरंच तसं केलं असतं का, तेही आता मला कधी कळायचं नाही.”

नेरेइदाची मान हलत होती. ती तर नेहमीच हलायची, त्यामुळे ती हो म्हणतेय की नाही, हे सांगता येत नव्हतं.

“खरं बोललीस,” ती शेवटी म्हणाली. “इथे मला कोणी खरं सांगत नाही. आजारी माणसाला सगळे गोड सांगतात.”

“मी ठेवलं असतं,” एलिएसेर म्हणाला.

दोघी त्याच्याकडे वळल्या.

“रक्ताचा निकाल ऐकला त्या दिवसापासून. त्याच्या आधी खरंच नको होतं. मग बाकावर बसलो, वारा आला, समोरचा माणूस शेंगा खात होता, आणि मला वाटलं, हे याला का नको? चाल येईल तेव्हा येईल. पण पोट तुझं. मी बोललो असतो तर तू मला नाही म्हणू शकली नसतीस, आत्ताच निकाल लागलेल्या माणसाला. म्हणून बोललो नाही.”

“आणि मी पाडलं असतं तर?”

“तर उचललं असतं. सांगितलं होतं ना.”

“आणि हे कधीच बोलला नसतास.”

“कशाला बोललो असतो.”

ओदाल्मिस इतकी वर्षं या माणसाशेजारी झोपत होती. घोरतो, मोजे कुठेही टाकतो, मीठ जास्त खातो, सगळं तिला पाठ होतं. आता तो दारात उभा होता, तोच, आणि तिला त्याची भीती वाटली. दुपारच्या वेळी रिकाम्या चर्चमध्ये एकटं शिरल्यावर वाटते तशी. तिला जवळ जायचं होतं आणि पाय पुढे पडत नव्हता.

“उभे काय राहिलात खांबासारखे,” नेरेइदा म्हणाली. “जा त्याच्यापाशी, पोरी. मी तोंड फिरवते. मान तरी नीट फिरते का बघते.”